अल्प खर्चात जुन्या सदनिकेची विक्रीपूर्व तयारी : काही आर्थिक, तांत्रिक व कायदेशीर विचार

गोषवारा

मध्यमवर्गीय कुटुंबाची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे राहते घर. ते विकण्याची वेळ येते तेव्हा हाताशी पैसा थोडा आणि सल्ला देणारे पुष्कळ, अशी परिस्थिती असते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतील जुन्या सदनिकेचे उदाहरण समोर ठेवून, अल्प खर्चात विक्रीपूर्व तयारी कशी करावी व त्या खर्चाचा क्रम काय असावा, याचा ऊहापोह केला आहे. सजावटीवर खर्च करण्यापूर्वी ग्राहकाच्या मनातील शंका दूर करणाऱ्या बाबींवर खर्च करणे विक्रेत्याच्या हिताचे असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : सदनिका, पुनर्विक्री, माहितीची विषमता, ओल, हस्तांतरण, गृहनिर्माण संस्था

१. प्रस्तावना

राहते घर विकणे हा कुटुंबाच्या आयुष्यात क्वचित येणारा प्रसंग होय. बहुतेकांच्या वाट्याला तो एकदाच, फार तर दोनदा येतो. त्यामुळे त्याचा अनुभव गाठीशी जमत नाही; आणि ज्यांच्यापाशी तो अनुभव असतो, त्या मध्यस्थांचे हित विक्रेत्याच्या हिताशी सर्वस्वी जुळतेच असे नाही. स्टीव्हन लेव्हिट व चॅड सिव्हरसन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरांच्या विक्रीची तपासणी केली होती. मध्यस्थ स्वतःचे घर विकताना ते बाजारात सरासरी साडेनऊ दिवस अधिक ठेवतात व सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवतात, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे. चार-दोन टक्के किंमत वाढली तर मध्यस्थाच्या दलालीत नगण्य भर पडते, विक्रेत्याच्या हातात मात्र लाखाचा फरक पडतो.

१९८० व १९९० च्या दशकांत पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर, नागपूर इत्यादी शहरांत तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या असंख्य इमारती उभ्या राहिल्या. शिक्षक, प्राध्यापक, बँक कर्मचारी, शासकीय सेवक अशा नोकरदारांनी कर्ज काढून त्यांत घरे घेतली. हा वर्ग आज निवृत्त झाला आहे. कुणाला जिना चढवत नाही, कुणाला मुलांजवळ राहावयाचे आहे, कुणाला आजारपणासाठी रक्कम हवी आहे. अशा विक्रेत्यास घराच्या संपूर्ण नूतनीकरणावर चार-पाच लाख रुपये खर्चणे शक्य नसते आणि आवश्यकही नसते. तथापि काहीच न करता ‘आहे तसे’ घर दाखविल्यास ४० लाखांच्या सदनिकेची किंमत ग्राहक सहज चार लाखांनी खाली मागतो, आणि ती मागणी खोडून काढण्यास विक्रेत्यापाशी काही साधन उरत नाही. वीस-पंचवीस हजार रुपयांत ही परिस्थिती कितपत बदलता येईल, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. शंकेची किंमत

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिलेला निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. त्या विचारासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत मिळाले. वस्तूचे दोष विक्रेत्यास ठाऊक असतात, ग्राहकास नसतात. परिणामी ग्राहक प्रत्येक वस्तूकडे संशयाने पाहतो आणि चांगल्या वस्तूलाही सरासरी भाव देऊ करतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे थोडक्यात सार आहे. जुन्या सदनिकेचा व्यवहार या तत्त्वाचे घरगुती उदाहरण म्हणता येईल.

न्हाणीघराच्या छतावर ओलीचा एक डाग आहे असे समजा. तो घालविण्यास प्लंबर दीड-दोन हजार रुपये घेईल. परंतु ग्राहक मनातल्या मनात दोन हजार वजा करीत नाही. वरच्या मजल्याशी वाद असेल काय, स्लॅबमधील सळई गंजली असेल काय, पावसाळ्यात आणखी कोठे गळत असेल, अशा अज्ञाताची किंमत तो वजा करतो, आणि ती लाखाच्या घरात जाते. म्हणजे दोषापेक्षा दोषाविषयीची अनिश्चितता महाग पडते. विक्रेत्याने ही अनिश्चितता आपल्या खर्चाने दूर केली तर त्या खर्चाचा मोबदला अनेक पटींनी मिळतो. सुशोभनाच्या बाबतीत असे खात्रीने म्हणता येत नाही. अमेरिकेत लेन, सायलर व सायलर यांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एकाच घराचे भिंतींचा रंग व फर्निचर बदलून केलेले दर्शन निरनिराळ्या संभाव्य ग्राहकांना घडविण्यात आले. आकर्षक मांडणीने घराविषयीचे मत सुधारले, मात्र ग्राहकांनी सांगितलेल्या किमतीत लक्षणीय वाढ झाली नाही. हा एकच अभ्यास आहे व तो परदेशातील आहे, हे खरे. तथापि पडदे व गालिचे यांवर हजारो रुपये खर्च करण्याचा सल्ला देणाऱ्यांनी त्याकडे दुर्लक्ष करू नये.

३. कागदपत्रे : सर्वांत स्वस्त दुरुस्ती

घराची तयारी म्हटली की रंगाच्या डब्याची आठवण होते, कपाटातील फाइलीची होत नाही. वस्तुतः आज बहुसंख्य ग्राहक गृहकर्ज घेऊन घर विकत घेतात. बँकेचा वकील साधारणतः गेल्या ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेतो आणि बँकेचा मूल्यांकनकर्ता प्रत्यक्ष घर पाहून जातो. यांपैकी एकानेही शंका काढली तर ठरलेला व्यवहार महिनोन्महिने लांबतो, आणि लांबलेल्या व्यवहारात किंमत खालीच येते. यास्तव जाहिरात देण्यापूर्वी विक्रेत्याने स्वतःच बँकेच्या वकिलाच्या भूमिकेत शिरून आपली फाइल तपासावी.

पहिल्या विक्रीपासून आजपर्यंतच्या सर्व करारनाम्यांची साखळी अखंड असली पाहिजे. मधला एखादा मूळ करारनामा गहाळ असल्यास पोलिसांकडे तक्रार नोंदवावी, वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळवावी. प्रत्येक नोंदणीकृत दस्ताची सूची क्रमांक दोन, अर्थात ‘इंडेक्स टू’, सोबत ठेवावी. भाग प्रमाणपत्रावर, म्हणजे बोलीतील शेअर सर्टिफिकेटवर, विक्रेत्याचे नाव चढलेले आहे काय हेही पाहावे. कित्येक घरांत करारनामा एकाच्या नावे व प्रमाणपत्र पूर्वीच्या मालकाच्या नावे, अशी स्थिती पंधरा-वीस वर्षे कुणाच्या लक्षात आलेली नसते. प्रमाणपत्र हरवले असल्यास संस्थेकडून दुय्यम प्रत मिळते. त्यासाठी क्षतिपूर्ती बंधपत्र द्यावे लागते. मालमत्ता कराची अद्ययावत पावती, वीज देयक, संस्थेची थकबाकी नसल्याचा दाखला, मंजूर नकाशाची व भोगवटा प्रमाणपत्राची प्रत ही बाकीची सामग्री होय. भोगवटा प्रमाणपत्र संस्थेच्या दप्तरी नसल्यास त्याची प्रत मिळविण्यासाठी महानगरपालिकेकडे अर्ज करावा. इमारतीखालील जमीन अद्याप विकासकाच्याच नावे असेल, म्हणजे अभिहस्तांतरण झालेले नसेल, तर एकट्या सभासदाच्या हातात फारसे काही नसते. मात्र महाराष्ट्रात २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झालेली आहे, आणि संस्थेने तसा अर्ज केला असल्यास त्याची प्रत ग्राहकास दाखविता येते.

गृहकर्ज पूर्वीच फिटले असेल तरी काम संपत नाही. संस्थेच्या दप्तरात व केंद्रीय नोंदवहीत बँकेचा बोजा तसाच राहिलेला असू शकतो. कर्जफेडीनंतर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत करावेत व बोजा उतरवावा, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्यापूर्वी कर्ज फेडलेल्यांनी मात्र स्वतः पाठपुरावा करून बँकेचे पत्र संस्थेकडे नोंदवून घ्यावे.

सर्वाधिक अडचण येते ती वारसाहक्काच्या प्रकरणांत. पतीच्या निधनानंतर नामनिर्देशनाच्या आधारे पत्नीचे नाव भाग प्रमाणपत्रावर लागते आणि घर आता आपल्या मालकीचे झाले, असा समज दृढ होतो. नामनिर्देशन ही संस्थेच्या सोयीची व्यवस्था आहे. त्याने इतर वारसांचा हक्क नाहीसा होत नाही. इंद्राणी वाही प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये संस्थेने नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे हस्तांतरण करावे असे म्हटले, परंतु मालकी हक्काचा दावा इतरांना करता येईल हेही स्पष्ट केले. २०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण आले, त्यात अशा व्यक्तीस हंगामी सभासद मानले आहे. सबब मुलामुलींची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे, अथवा विक्रीच्या दस्तावर सर्वांच्या सह्या, यांची व्यवस्था ग्राहक शोधण्यापूर्वीच व्हावयास हवी. एखादे अपत्य परदेशी असल्यास तेथे केलेले मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे लागते, आणि ते महाराष्ट्रात प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. सहविक्रेता अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावरील करकपातीचे नियमही निराळे आहेत. ही कामे खर्चाची नाहीत, वेळेची आहेत. टपाल, सह्या व भेटीच्या तारखा यांतच दोन-तीन महिने जातात.

येथे अध्यापकवर्गापुरती एक गोष्ट नमूद करणे उचित ठरेल. कर्मचाऱ्यांच्या काही गृहनिर्माण संस्था शासनाने दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. अशा भोगवटादार वर्ग-२ च्या जमिनीवरील सदनिका विकण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सिडको वा म्हाडाच्या घरांबाबतही त्या त्या प्राधिकरणाच्या अटी पाहाव्या लागतात. परवानगीविना विसार स्वीकारणे म्हणजे संकटास आमंत्रण होय.

संस्थेच्या ना हरकत दाखल्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी असा दाखला आवश्यक नाही. मात्र बँका तो मागतात व सभासदाने मागितल्यास समितीने त्याचा विचार करावयाचा असतो. हस्तांतरण अधिमूल्यावर शासनाने ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाने महानगरपालिका क्षेत्रासाठी २५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्याहून अधिक रक्कम ‘विकास निधी’ वा ‘ऐच्छिक देणगी’ या नावाने मागण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. देणगी ऐच्छिक असेल तर ती नाकारण्याची इच्छाही सभासदास असू शकते, एवढेच येथे म्हणता येईल.

४. ओल

महाराष्ट्रातील जुन्या घराचा मुख्य शत्रू पाणी होय. चार महिन्यांचा पाऊस, पातळ बाह्य भिंती, गच्चीवरील जुना कोबा आणि न्हाणीघरातील झिजलेले सांधे यांमुळे क्वचितच एखादी जुनी सदनिका ओलीपासून सर्वस्वी मुक्त असते. या बाबतीत विक्रेते दोन टोकांना जातात. काही जण डागाकडे दुर्लक्ष करतात. काही जण घाईघाईने पुट्टी भरून वर ताजा रंग देतात. दुसरा मार्ग पहिल्याहून वाईट आहे. ओलसर गिलाव्यावर दिलेल्या रंगाखाली बाष्प कोंडते, दोन-तीन महिन्यांत फुगे येतात, पोपडे निघतात आणि गिलाव्यातील क्षार वर येऊन पांढरा लोणा दिसू लागतो. तोपर्यंत घर विकले गेले नसेल तर खर्च वाया जातो. विकले गेले असेल तर फसवणुकीचा आरोप येतो.

म्हणून प्रथम पाणी कोठून येते ते शोधावे. त्यासाठी उपकरणांची गरज नाही. आठ-दहा दिवस लक्षपूर्वक निरीक्षण पुरते. डाग अहोरात्र व बारमाही ओला राहत असेल तर दाबाखालील पुरवठ्याच्या नळात गळती असण्याचा संभव असतो. आंघोळीच्या वेळेनंतर ओल वाढून दुपारी कमी होत असेल तर वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातील फरशीचे सांधे किंवा नहाणी ट्रॅपचा भोवताल सदोष असावा. केवळ पावसाळ्यात ओल येत असेल तर बाह्य भिंतीतील भेगा, खिडकीवरील छज्जा अथवा गच्ची यांकडे पाहावे. आपल्याच न्हाणीघराविषयी शंका असल्यास नहाणी ट्रॅप बंद करून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी २४ तास साठवून ठेवावे व खालच्या शेजाऱ्यांस छताकडे लक्ष ठेवण्याची विनंती करावी. भिंतीतील ओल आतून येते की हवेतील बाष्प भिंतीवर जमते, हे ठरविण्यासाठी एक फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवावा. थेंब आतल्या बाजूस दिसले तर ओल भिंतीतील आहे. बाहेरच्या बाजूस दिसले तर खोलीत हवा खेळती नाही, इतकेच.

कारण समजल्यावर खर्च कोणाचा हा प्रश्न येतो. आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्यामुळे तसेच सामाईक नळ व मलवाहिन्यांमुळे होणारी गळती दुरुस्त करणे संस्थेचे काम आहे, तर सदनिकेतील शौचालय, न्हाणीघर, मोरी यांमुळे होणारी अंतर्गत गळती त्या सभासदाने आपल्या खर्चाने दुरुस्त करावयाची असते. म्हणजे वरच्या मजल्यावरील सभासदाच्या न्हाणीघरातून पाणी येत असेल तर त्याचा भार विक्रेत्याने उचलण्याचे कारण नाही. संस्थेच्या सचिवांकडे छायाचित्रांसह लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. व्यवहारात मात्र तडजोड करावी लागते. वरच्या शेजाऱ्यांच्या फरशीचे सांधे पांढऱ्या सिमेंटने वा इपॉक्सीने भरून घेण्याचा खर्च थोडा असतो, आणि तो स्वतः देऊन प्रश्न आठवड्यात मिटत असेल तर तत्त्वासाठी सहा महिने भांडण्यापेक्षा ते श्रेयस्कर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्रोत बंद झाल्यावर भिंत सुकू द्यावी. सैल गिलावा खरवडून काढून किमान तीन-चार आठवडे, पंखा व उघड्या खिडक्यांच्या साहाय्याने ती कोरडी करावी; मगच प्रायमर व रंग द्यावा. यामुळे कामाचा हंगाम आपोआप ठरतो. गळतीची तपासणी पावसाळ्यात, दुरुस्ती ऑक्टोबरमध्ये, रंग दिवाळीच्या सुमारास आणि घर दाखविणे त्यानंतर, हा क्रम सोयीचा पडतो. पितृपंधरवड्यात बहुसंख्य ग्राहक घर पाहण्यासही बाहेर पडत नाहीत, आणि दसरा, पाडवा वा अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त साधण्याची इच्छा अनेकांना असते. हा श्रद्धेचा भाग असला तरी विक्रेत्याने तो ध्यानी घ्यावा. दिवाळीनंतर दाखविलेले घर पाडव्यापर्यंत निश्चित होण्यास पुरेसा अवधी मिळतो.

छताचा गिलावा गळून गंजलेली सळई उघडी पडली असेल तर बाब निराळी. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे सळईभोवतालचे काँक्रीट आतून फुटत जाते. वरून गिलावा थापल्याने ही क्रिया थांबत नाही. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा व ३० वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावयाची असते. संस्थेने ती केली असल्यास अहवालाची प्रत मागून घ्यावी. अहवालात दुरुस्ती सुचविलेली असली तरी घ्यावी. अहवाल हाती असलेला ग्राहक दुरुस्तीचा हिशेब मांडतो. नसलेला ग्राहक इमारत कोसळण्याचा विचार करतो.

या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. ‘ग्राहकाने सावध राहावे’ हे वचन आपल्याकडे वारंवार उद्धृत होते, परंतु मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ ने ते मर्यादित केले आहे. विक्रेत्यास ठाऊक असलेला, ग्राहकास ठाऊक नसलेला आणि ग्राहकाने सामान्य काळजी घेऊनही त्यास न सापडणारा मालमत्तेतील अथवा मालकी हक्कातील महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. पुट्टीखाली झाकलेली ओल ही अशा दोषात मोडू शकते. नैतिकतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी, दोष आधी सांगून दुरुस्तीची पावती दाखविणारा विक्रेता घासाघीस करताना अधिक बळकट स्थितीत असतो, हे व्यवहारतः खरे आहे.

५. किरकोळ दुरुस्त्या, रंग व आवराआवर

ठिबकणारा नळ, सतत वाहणारी फ्लश टाकी, सैल बिजागरी, न लागणारी कडी, तुटलेले बटण, पावसात फुगलेला दरवाजा या गोष्टी घरच्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. पाहुण्यास त्या पहिल्या पाच मिनिटांत जाणवतात. एका सुताराचा, एका प्लंबरचा व एका वायरमनचा अर्धा-अर्धा दिवस पुरतो. विजेच्या जुन्या फ्यूज पेटीऐवजी सुरक्षा खटके बसविले तर उत्तमच, पण तो ऐच्छिक खर्च आहे.

रंगाचे गणित आधी कागदावर करावे. दहा फूट बाय बारा फूट खोलीची उंची दहा फूट धरली तर चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट, छताचे १२०, एकूण ५६० होते. दारे-खिडक्यांचे सुमारे ६० वजा जाता ५०० चौरस फूट उरतात. स्थानिक कारागिरांकडून तीन लेखी दर घेऊन या आकड्याने गुणले की संपूर्ण घर रंगविणे परवडेल की नाही ते समजते. बहुधा परवडत नाही. अशा वेळी दिवाणखाना, प्रवेशद्वाराची आतली बाजू आणि ओल काढलेली भिंत एवढेच फिकट रंगाच्या ॲक्रिलिक डिस्टेंपरने रंगवावे आणि इतर खोल्यांच्या भिंती नुसत्या पुसून घ्याव्यात. महाग चमकदार रंग टाळावा. त्याने जुन्या भिंतीचे उंचसखलपण अधिकच उठून दिसते. वास्तुशास्त्राच्या नावाखाली ओटा फिरविणे किंवा दाराची जागा बदलणे यांवर विक्रेत्याने पैसा घालवू नये. ग्राहकाची श्रद्धा कोणती असेल याचा अंदाज बांधून भिंत फोडणे शहाणपणाचे नव्हे.

आवराआवरीस खर्च नाही, कष्ट आहेत. पोटमाळा, पलंगाखालचे ट्रंक, गॅलरीतील रद्दी, वर्षानुवर्षे साठलेली नियतकालिके (प्राध्यापकांच्या घरी हा डोंगर विशेष मोठा असतो) यांची विल्हेवाट घर दाखविण्याआधी लावावी. कशीही झाली तरी ती स्थलांतराच्या वेळी लावावीच लागते. रिकाम्या जमिनीने खोली मोठी दिसते आणि मूल्यांकनकर्त्यास कोपरे पाहता येतात. ज्येष्ठ व्यक्ती घरात राहत असताना मात्र त्यांचे देवघर व नित्याची खुर्ची हलविण्याचा अट्टहास करू नये.

मंजूर नकाशा व प्रत्यक्ष घर यांची तुलना याच वेळी करावी. बंद केलेली गॅलरी, काढून टाकलेली मधली भिंत, खोलीत सामावून घेतलेला फुलझाडांचा कट्टा हे बदल सर्रास आढळतात. नकाशात नसलेले क्षेत्र बँकेचा मूल्यांकनकर्ता साधारणतः हिशेबात धरीत नाही. म्हणून मोजपट्टीने घर स्वतः मोजून चटई क्षेत्र चौरस मीटर व चौरस फूट अशा दोन्ही मापांत (१ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट) लिहून ठेवावे. जुन्या करारनाम्यांत ‘बिल्ट-अप’ क्षेत्र दिलेले असते, नव्या इमारतींची विक्री चटई क्षेत्रावर होते. दोन्हींची सरमिसळ झाली की वाद ठरलेला.

६. खर्चाचा क्रम

अपेक्षित किमतीच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक खर्च तयारीवर करू नये, असे लेखकास वाटते. ४० लाखांच्या सदनिकेस ही मर्यादा २०,००० रुपये येते. दर गावोगावी निराळे असल्याने पुढील विभागणी केवळ उदाहरणादाखल समजावी. कागदपत्रांच्या प्रती, नोंदींचा शोध व वकिलाचा सल्ला यांसाठी ५,००० ते ६,००० रुपये राखून ठेवावेत. पाण्याचा स्रोत शोधून बंद करणे व गिलावा दुरुस्त करणे यांसाठी सुमारे ७,००० रुपये, किरकोळ दुरुस्त्यांस २,००० ते ३,००० रुपये. जे उरेल ते रंगास. पाणी अधिक निघाले तर रंगाचे पैसे तिकडे वळवावेत. रंगासाठी पाण्याच्या कामात काटकसर करू नये. प्रत्येक कामाची पावती घ्यावी. रंग व किरकोळ दुरुस्ती यांचा खर्च भांडवली नफ्यातून सहसा वजा होत नाही, परंतु पूर्वी केलेल्या कायमस्वरूपी सुधारणांचा व मध्यस्थाच्या दलालीचा खर्च पुराव्यासह दाखविता येतो. दीर्घ मुदतीच्या नफ्यावरील कराचे नियम २३ जुलै २०२४ पासून बदलले. त्यापूर्वी घेतलेल्या घरांबाबत निवासी विक्रेत्यास महागाई निर्देशांकाविना १२.५ टक्के अथवा निर्देशांकासह २० टक्के, यांपैकी जो कर कमी येईल त्याचा लाभ मिळतो. हा हिशेब किंमत ठरविण्यापूर्वी सनदी लेखापालाकडून करून घ्यावा.

७. किंमत सांगणे व व्यवहार पूर्ण करणे

ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट व मार्गारेट नील यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतील टूसॉन शहरात केलेल्या प्रयोगात, घराची जाहीर किंमत बदलली की अनुभवी मध्यस्थांचे मूल्यांकनही त्या दिशेने झुकते, असे दिसून आले. म्हणजे प्रथम उच्चारलेल्या आकड्याला वजन असते. परंतु त्यावरून वाटेल तो आकडा सांगावा असा अर्थ निघत नाही. आपल्या घराविषयीच्या ममत्वाने विक्रेता किंमत वाढवून धरतो, घर महिनोन्महिने पडून राहते, आणि ‘यात काहीतरी खोट असावी’ ही शंका, जी घालविण्यासाठी सारा खर्च केला, तीच पुन्हा उभी राहते. त्याच इमारतीतील वा गल्लीतील अलीकडच्या व्यवहारांची नोंदणीकृत रक्कम सूची क्रमांक दोनवरून कळते. तिचा आधार घ्यावा. वार्षिक मूल्यदर तक्त्यातील मूल्यही पाहावे, कारण विक्री त्याहून बरीच कमी किमतीस झाल्यास, फरक १० टक्क्यांच्या आत नसेल तर, प्राप्तिकरासाठी तक्त्यातील मूल्य धरले जाते.

विसाराची रक्कम बँकेमार्फतच घ्यावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास २०१५ पासून मनाई आहे. किंमत ५० लाख वा अधिक असल्यास ग्राहक १ टक्का कर कापून भरतो. विक्रेत्याचा पॅन आधारशी जोडलेला नसेल तर ही कपात २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ज्येष्ठ विक्रेत्यांनी ही जोडणी आधीच तपासावी.

ताबा देण्याच्या दिवसापर्यंतची संस्थेची देणी, मालमत्ता कर व वीज देयक विक्रेत्याने भरून त्यांच्या पावत्या ग्राहकाच्या स्वाधीन कराव्यात. वीजमीटरचे व नळजोडणीला मीटर असल्यास त्याचेही वाचन दोघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावे. गॅसजोडणीच्या हस्तांतरणाचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. ताबा पावतीवर घरात राहणाऱ्या वस्तूंची, म्हणजे पंखे, पाण्याची टाकी, ओट्याखालील कपाटे यांची यादी असावी, आणि किल्ल्यांच्या सर्व जोड्या, गच्चीच्या व टपालपेटीच्या किल्लीसह, मोजून द्याव्यात.